चुकीच्या चिठ्ठ्यांचे चार रॅक

कौतिकनानांच्या थोरल्या लेकीची हळद होती, त्या दिवशी कचेरीतून फोन आला. कोर्टात तारीख होती, एकाहत्तर सालचा एक फेरफार सापडत नव्हता आणि वकील येऊन साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला होता. नानांचे दोन्ही हात हळदीनं माखलेले. बायकोनं, ताईबाईनं, फोन त्यांच्या कानाला लावून धरला. नाना क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "सातवा रॅक, मधली फळी, डावीकडून तिसरा गठ्ठा. वरची चार पानं उंदरानं खाल्लेली असतील, पण आपला फेरफार शाबूत आहे." पाच मिनिटांत उलटा फोन आला. सापडला होता. मांडवातल्या पाहुण्यांनी हे सगळं ऐकलं, आणि सोनगीरमध्ये पुढं कितीतरी वर्षं त्या लग्नातल्या जेवणापेक्षा त्या फोनचीच गोष्ट जास्त सांगितली गेली.

नाना तालुक्याच्या कचेरीत अभिलेखपाल होते. तळमजल्यावर जुन्या कागदांची मोठी खोली, तिला सगळे रेकॉर्ड रूम म्हणत. बावीस लोखंडी रॅक, त्यावर लाल कापडात बांधलेले हजारो गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर गावाचं नाव नि साल लिहिलेली चिठ्ठी. नाना शिपाई म्हणून लागले तेव्हा पुनाअप्पा नावाचा म्हातारा अभिलेखपाल तिथं होता. त्यानं या पोराला कागद ओळखायला शिकवलं. अप्पा निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर नाना बसले, ते एकतीस वर्षं उठले नाहीत. साहेब आले नि गेले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात एकदा तरी जिना उतरून खाली यायचा आणि विचारायचा, "कौतिक कोण?" नानांना तो प्रश्न फार आवडायचा.

खाली राबता असे. वकिलांचे कारकून, तलाठी, खेड्यापाड्यातून आलेली माणसं. कोणी भरताची वांगी घेऊन येई, कोणी केळीची फणी. नाना ती घेत नसत. "घरी लेकरांना द्या" म्हणत. पण आणली, याचं समाधान त्यांना दिवसभर पुरे.

त्या बावीस रॅकमध्ये चार रॅक असे होते, की त्यांची किल्ली फक्त नानांच्या डोक्यात होती. अकरा ते चौदा नंबर. अठरा वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातला स्लॅब गळला आणि चारही रॅक भिजले. नाना तेव्हा विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेले. रोजंदारीच्या माणसांनी कागद अंगणात वाळवले आणि घाईघाईत हाताला लागेल त्या कापडात पुन्हा बांधून टाकले. भिजलेली पुठ्ठ्याची वेष्टनं गेली, आणि चिठ्ठीखेरीज गावाचं नाव लिहिलेलं असायचं ते त्या वेष्टनांवरच. आतल्या पानांवर नुसती माणसांची नावं नि तारखा. एका गावाचं दप्तर दुसऱ्याच्या कापडात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, आणि कापडावर चिठ्ठ्या मात्र जुन्याच. महिन्यानं नाना कामावर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हाच्या साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे ना कशात काय आहे? मग झालं."

मग झालं. एकेक गठ्ठा उघडून नानांनी सगळं मनात बसवलं. मनात आणलं असतं, तर दुपारच्या निवांत वेळात दोन महिन्यांत नव्या चिठ्ठ्या लिहून लावता आल्या असत्या. नानांनी त्या लिहिल्या नाहीत. का लिहिल्या नाहीत, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

अशात कचेरीत स्कॅनिंगचं काम आलं. सगळं जुनं रेकॉर्ड कम्प्युटरवर चढवायचं, नक्कल मागणाऱ्याला वरच्या मजल्यावरच्या खिडकीतच पाच मिनिटांत काढून द्यायची. साहेबांनी सगळ्यांना बोलावून ते समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता कोणा एका माणसाच्या डोक्यावर कचेरी चालणार नाही." ते नानांकडं बघून बोलले नव्हते. तरी सगळ्यांनी नानांकडं बघितलं.

त्याच दिवशी दुपारी संघमित्रा खाली आली. अठ्ठावीस वर्षांची, दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली मुलगी. वडील तिथल्या वीज केंद्रात कामगार होते. कंत्राटावर ऑपरेटर म्हणून आली होती, स्कॅन झालेली पानं तपासून मंजूर करण्याचं काम तिच्याकडं होतं. तिनं चपला दारात काढल्या. नानांच्या समोर उभी राहून म्हणाली, "नाना, उद्यापासून माणसं येतील. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत ना? आम्ही चिठ्ठी पाहूनच गावाचं नाव टाकणार."

नानांच्या कानात साहेबांचं सकाळचं वाक्य अजून घुमत होतं. ते म्हणाले, "चिठ्ठी वाचता येते ना तुला?"

"हो."

"मग झालं तर."

ती हसून "बरं नाना" म्हणाली आणि गेली.

सहा महिने यंत्रांची घरघर चालली. अकरा नंबरचा रॅक निघाला त्या दिवशी नाना स्टुलावर बसून बघत होते. तोंडाशी शब्द आले होते. तेवढ्यात वरून नीलेश नावाचा कारकून आला आणि म्हणाला, "नाना, साहेब म्हणतात मित्रा मॅडमचं काम काय झकास आहे! जिल्ह्यात आपला पहिला नंबर लागेल." शब्द आले तसे परत गेले.

मग खालचा राबता आटला. आधी वकिलांचे कारकून यायचे थांबले, मग तलाठी. नाना दारात खुर्ची टाकून बसत आणि जिन्यावरच्या चपलांचे आवाज ऐकत. सगळे वर जात होते. वर तिची खिडकी होती. तिथं माणसं रांगेत उभी राहत, ती नाव विचारी, बोटं चालवी आणि म्हणे, "मिळालं!" तिचा तो आवाज खालपर्यंत ऐकू येई. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. या शब्दावर एकतीस वर्षं आपला हक्क होता, असं नानांना वाटे.

तिच्याविषयीचं काहीच त्यांना बघवेना. तिला मिळालेली फिरती खुर्ची बघवेना. साहेब तिला जाता-येता "मित्रा, जेवलीस का?" विचारत, ते ऐकवेना. एकदा एक म्हातारी तिच्या खिडकीतून तिची अलाबला घेताना दिसली आणि नानांना दुपारचा डबा गेला नाही. वीज गेली की त्यांना बरं वाटे. ते मुद्दाम वर जाऊन विचारत, "काय, बंद पडलं?" आणि ती म्हणे, "दहा मिनिटं बॅटरीवर चालतं नाना." तिच्या टायपिंगमध्ये 'ळ'च्या जागी 'ल' पडला, की ते तो कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरत. पुढं पुढं लोक त्यांच्या हातात कागद दिसला, की नजर चुकवू लागले.

घरी ताईबाईच्या हे लक्षात आलं होतं. तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "ती पोरनी तुमनं काय घोडं मारं?"

"कोनती पोर?"

"जिनं नाव तुम्ही रोज जेवताना काढतस ती."

आपण तिचं नाव रोज काढतो, हे नानांना ठाऊक नव्हतं.

एप्रिलपासून दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे हातानं लिहिलेली नक्कल बंद. नक्कल कम्प्युटरमधूनच निघणार, तिच्यावर साहेबांची डिजिटल सही असणार, आणि तीच सगळीकडं चालणार. नानांच्या टेबलावरचा गोल शिक्का वर जमा झाला. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दर महिन्याच्या आढाव्यात पडद्यावर यादी लागू लागली, कोणी किती कामं निकाली काढली त्याची. कम्प्युटर ती आपली आपणच मोजायचा. पहिल्या बैठकीत यादीच्या टोकाला नाव होतं संघमित्राचं, पुढं आकडा चारशे बारा. मग नीलेश, मग बाकीचे. सगळ्यात खाली, नोंद झालेल्या कामांच्या रकान्यात शून्य घेऊन, कौतिक.

नानांनी त्या महिन्यात सतरा नव्या फायली जागेवर लावल्या होत्या, वाळवी लागलेला एक रॅक एकट्यानं रिकामा करून धुऊन पुसला होता. पण ते कुठल्याच कम्प्युटरनं पाहिलं नव्हतं. कुणीतरी मागून खुदकन हसलं. साहेब समजुतीनं म्हणाले, "नानांचं काम वेगळं आहे," आणि लगेच पुढचं पान लावलं. त्या समजुतीनं नानांचा जास्त तिळपापड झाला. यादी पडद्यावरून गेली, तरी त्यांच्या डोळ्यांसमोरून चारशे बारा जाईना.

त्या दिवसापासून नाना अकरा ते चौदा नंबरच्या रॅककडं वेगळ्या नजरेनं बघू लागले. कधी ना कधी त्या रॅकमधला कागद कुणीतरी मागणार होतं. कम्प्युटर तोंडघशी पडणार होता. मग साहेब जिना उतरून खाली येणार होते आणि तिलाही यावं लागणार होतं. "नाना, सापडत नाही," असं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. फक्त एकदा.

ऑगस्टच्या शेवटी तो कागद मागणारा आला. त्याचं नाव चिंधा, गाव पिंपळझिरे खुर्द, वय पंचेचाळिशीचं. दुसऱ्यांच्या शेतात ठिबकच्या नळ्या अंथरायचं काम करायचा. त्याच्या मुलीचा धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. जातपडताळणीला जुना पुरावा हवा होता, म्हणून आजाची जन्मनोंद काढायची होती. पूर्वी गावोगावचे कोतवाल जन्ममृत्यूचं बुक लिहीत. त्यातली अडतीस सालची नोंद.

नाना दारात बसले होते. चिंधा वर गेला. बराच वेळ झाला, "मिळालं" ऐकू आलं नाही. नाना खुर्चीत ताठ झाले. चिंधा खाली आला तो तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, चौथ्या दिवशी पुन्हा. पिंपळझिरे खुर्दच्या नावाखाली जी पानं कम्प्युटरवर होती, ती संघमित्रानं त्याला एकेक करून दाखवली. दोघांनी मिळून सगळं अडतीस साल चाळलं. त्यात त्याचा आजा नव्हता. कसा असणार? ती पानं देवळाण्याची होती. आणि खुर्दचं बुक देवळाण्याच्या कापडात, तेरा नंबरच्या रॅकवर, वरच्या फळीवर पडलं होतं. खाली नाना आणि ते बुक यांच्यात दहा पावलांचं अंतर होतं.

नाना वाट बघत बसले. आता येईल, मग येईल. चार दिवस झाले, पण खाली कुणी आलं नाही. साहेब आले नाहीत, तीही आली नाही. पाचव्या दिवशी चिंधाच्या हातात कचेरीचं पत्र पडलं : सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही. कम्प्युटरमध्ये नाही म्हणजे जगात नाही, इतकं ते सोपं झालं होतं. खाली एक माणूस आहे, त्याला विचारून बघू, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या मनात आलंही असेल. पण वर्षभर नाना तिच्याशी ज्या तोंडानं बोलत होते, त्या तोंडाकडं कोण जाणार?

संध्याकाळी बस स्टँडवर नानांना चिंधा दिसला. बाकड्यावर बसून पत्राची घडी घालत होता. नाना शेजारी बसले. राहवेना म्हणून विचारलं, "भेटनं का?"

"नही ना, नाना. कम्प्युटरमा नहीच शे म्हनतस. शुक्रवारलोंग कागद देवाना व्हता कॉलेजमा."

"मंग?"

"मंग काय. पोरले सांगसू, दुसरं काहीतरी शीक." त्यानं पत्र खिशात घातलं. "ती मॅडमनी लई शोधं बिचारीनी. दुपारनी जेवालेबी उठनी नही. तिना काय दोष? आमना आजानीच नोंद कोनी करी नसीन."

बस आली, तो चढला. नाना तिथंच बसून राहिले आणि त्यांची बस निघून गेली. चिंधानं शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना चाललं असतं. पण तो तिचं कौतुक करत गेला. कागद माझ्या हाताशी, आणि कौतुक तिचं! नानांना स्वतःचीच शिसारी आली, तरीही हा विचार काही जाईना. दोन्ही एकदमच मनात होतं.

घरी गेल्यावर त्यांनी ताईबाईला सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचंही सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही. एवढंच म्हणाली, "तिना वर जळा, मले काही नही. पन ती पोर जाई ना कॉलेजमा, ती तुमनी कोन लागस? तिले कसाले जाळतस?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, नाना पहिल्या बसनं कचेरीत गेले. शिपायाकडून किल्ली घेतली, तेरा नंबरचा गठ्ठा उतरवला. तासाभरात नोंद सापडली. नऊ मे अडतीस, बापाचं नाव तोताराम, मुलगा झाला, नाव दगडू. जातीचा रकाना भरलेला, शाई जराशी फिकी. सवयीनं त्यांचा हात नक्कल लिहायला कोऱ्या कागदाकडं गेला आणि तिथंच थांबला. हातानं लिहिलेली नक्कल आता कुठं चालणार होती? शिक्का वर होता. हा कागद कॉलेजात चालायचा असेल, तर तो तिच्या हातातूनच जायला हवा होता.

नानांनी बुक काखेत मारलं आणि जिना चढले. बावीस पायऱ्या. मधे दोनदा थांबले.

संघमित्रा नुकतीच येऊन बसली होती. नानांनी बुक उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि नोंदीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं. चेहरा उजळला. "मिळालं! नाना, कुठं होतं हे?"

"तेरा नंबरला. देवळाण्याच्या कापडात."

"देवळाण्याच्या कापडात खुर्दचं बुक कसं?" तिनं विचारलं आणि विचारता विचारता तिचा आवाज बदलला. "अशी अजून किती आहेत?"

"अकरा ते चौदा. चारही रॅक."

तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "साडेअकरा हजार पानं आहेत ती, नाना. माझ्या नावानं तपासून मंजूर केलेली." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं हे?"

'आत्ताच' असं म्हणता आलं असतं. 'काल रात्री शंका आली' असंही म्हणता आलं असतं. जिभेवर दोन्ही उत्तरं तयार होती. नाना टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाले, "तू पहिल्या दिवशी खाली येऊन विचारलंस, तेव्हाही ठाऊक होतं."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं ते पान स्कॅन केलं, खरं गाव टाकलं, साहेबांची सही घेतली. चिंधाचा नंबर शोधून त्याला फोन लावला आणि म्हणाली, "काका, नोंद मिळाली. लगेच निघा." चिंधा दुपारी धावत-पळत आला. त्यानं नक्कल कपाळाला लावली आणि तिच्या पाया पडायला वाकला. ती झटकन मागं सरली. "मी नाही शोधली," ती म्हणाली. "खाली नाना आहेत, त्यांनी शोधली." चिंधा खाली येऊन नानांच्या पायावर डोकं ठेवून गेला. एकतीस वर्षांत नानांना इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

चार वाजता ती दारात आली. या वेळी चपला काढल्या नाहीत. "मी साहेबांकडं चालले. चार रॅकचं सांगायला. तुम्ही यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

ती गेली. नाना स्टुलावर बसून राहिले. मन फार वाईट असतं. ते म्हणालं, बसून राहा. मंजुरी तिची, नाव तिचं. तुझ्याकडून तिनं काही लिहून घेतलेलं नाही. कंत्राट मार्चला संपतंय. ही गेली, की खिडकी बंद. काही क्षण नानांना ते गोड लागलं, खोटं कशाला सांगा? पण लगेच दुसरं दृश्य डोळ्यांपुढं आलं. साहेबांच्या टेबलापुढं ती उभी आहे आणि सांगतेय, कुठला गठ्ठा कुठल्या कापडात गेला, स्लॅब कधी गळला. माझ्या रॅकची गोष्ट, आणि सांगणार ती? तेही चुकीचं सांगणार! नानांना ते सहन होईना. ते उठले आणि जिना चढू लागले. वर पोचेपर्यंत त्यांना कळलं होतं, की आपण चांगुलपणानं निघालेलो नाही. पण पाय निघाले होते.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नानांनी काही लपवलं नाही. साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या सेवापुस्तकात आजवर एक शेरा नाही, नाना."

"जी."

"आता लागेल."

लागला. आधी कारणे दाखवा नोटीस आली, मग सक्त ताकीद. चिंधाच्या मुलीचा प्रवेश पक्का झाला, एवढं एक नशीब. आणि दिवाळीपर्यंत चारही रॅक दुरुस्त करायचे, असा हुकूम झाला. संघमित्रा रोज दुपारी दोन तास लॅपटॉप घेऊन खाली येऊ लागली. नाना गठ्ठा उघडून गाव सांगत, ती कम्प्युटरवर दुरुस्त करी आणि नवी चिठ्ठी लिहून लावी. पहिले पंधरा दिवस ती "पुढचं" याशिवाय एक शब्द बोलली नाही. माफ केलं, असंही कधी म्हणाली नाही.

एके दिवशी तिनं विचारलं, "वेष्टन नाही, गावाचं नाव नाही. मग हे कुठलं गाव, तुम्हाला कळतं कसं?"

नानांनी दाखवलं. हा कोतवाल 'श्र' असा काढतो, असा 'श्र' शेजारच्या गावच्या कुठल्याच बुकात नाही. या गावात दर तिसरं नाव कौतिक, कारण तिथं त्या नावाचा एक साधू होऊन गेला. इथं शाई पिवळी, कारण हा गडी ती घरी बनवायचा. ती टायपिंग विसरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे लिहून घ्यायला पाहिजे," आणि वही काढली. त्या दुपारी नाना फार खुशीत होते.

ती खुशी महिनाअखेरपर्यंत टिकली. आढाव्यात यादी लागली : संघमित्रा, पाच हजार नऊशे. कौतिक, शून्य. दुरुस्तीचा प्रत्येक आकडा तिच्या नावावर चढला होता. सांगतो मी, आणि आकडा हिचा! नानांच्या अंगाची पुन्हा लाही झाली. इतकं सगळं होऊनही मन सुधारलं नव्हतं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

तिनं त्यांचा चेहरा पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांकडून नानांच्या नावाचं लॉगिन करून आणलं. नाना म्हणाले, "मला कशाला? मला कुठं जमतं?"

"जमवा," ती म्हणाली. "यापुढं चूक झाली, तर ती तुमच्या नावावर लागली पाहिजे."

नाना शिकले. एका बोटानं, कपाळाला घाम आणून. पहिल्या दिवशी नऊ पानं झाली. घरी जाऊन त्यांनी ताईबाईला आकडा सांगितला, आणि तिनं कितला-कितला करत तो तीनदा विचारून घेतला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी चौदावा रॅक संपला. जानेवारीत कळलं, की संघमित्रा तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली आहे आणि तिला मुक्ताईनगरकडचं एक गाव मिळालं आहे. पक्की नोकरी. कचेरीनं निरोप समारंभ ठेवला. नीलेश बोलला, साहेब बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "नाना, तुम्ही दोन शब्द."

नानांना सभेत बोलायची सवय नव्हती. ते उभे राहिले, खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "ही पोरगी इथं आली, त्या दिवसापासून मी हिच्यावर जळतोय. आजही जळतोय." सगळे खो-खो हसले. नाना काय गमतीनं बोलतात, असं त्यांना वाटलं. संघमित्रा मात्र हसली नाही.

ती निघाली तेव्हा नाना तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. भुसावळची बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून ती थांबली.

"नाना, एक सांगू? मीपण जळायचे."

"कोणावर?"

"तुमच्यावर. दर अकरा महिन्यांनी मी अर्ज करायचा, ठेवा म्हणून. तुम्हाला कुणी काढणार नव्हतं. आणि माझ्या खिडकीशी येणारं माणूस आधी शिपायाला विचारायचं, कौतिकनाना आहेत का. सहा महिने विचारत होती माणसं. तुम्हाला खाली ऐकू येत नसणार."

बस हलली. तिनं हात केला, नानांनीही केला.

आपल्या बसमध्ये सोनगीरला पोचेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. ताईबाई अंगणात तूर झोडपत होती. त्यांनी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं; संघमित्रा काय म्हणाली, ते शब्द न शब्द.

ताईबाईनं काठी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं निरखून पाहिलं. "मंग? ती जळे हाई आयकीसन बरं वाटनं का तुमले?"

नाना खोटं बोलले असते, पण खरं दडवून त्यांनी आधीच पुरेसं बिघडवलं होतं.

"वाटनं," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातलं सूप उचलून तूर पाखडायला बसले.